खांबावरचा डोळा

पहिल्याच आदणाचा गूळ करपला आणि मामांनी भर गुऱ्हाळात माझ्या घराण्याचा उद्धार केला.

मामा म्हणजे माझे सासरे, यादव गुळव्या. मी त्यांचा घरजावई वाल्मीक. जावयाला शिव्या देताना सासऱ्याची एक अडचण होते. मान ठेवून द्याव्या लागतात. म्हणून मामा आधी 'पाहुनं' म्हणत आणि मग बाकीचं म्हणत.

"पाहुनं, चुलांगनात चिपाडं घालीत होते का माझं सरन रचीत होते?"

रस कढवायच्या काहिलीखालच्या चुलांगणात उसाची वाळलेली चिपाडं सारायची, हे माझं काम. जाळ कमी करा म्हटलं की कमी, वाढवा म्हटलं की वाढवायचा. यात अक्कल लागत नाही, म्हणूनच ते मला दिलेलं होतं. अक्कल सगळी गुळव्याची. रसाचं आदण काहिलीत चढलं की वरची मळी कधी काढायची, भेंडीचं पाणी कधी सोडायचं, काहील कधी उतरवायची, हे तो आत बघून ठरवतो. जरा आधी उतरली तर गूळ लिबलिबीत, जरा उशिरा उतरली तर काळा. कादवा नदीच्या काठानं मामांच्या हातचा गूळ ओळखू येई. ढेप फोडली की आतून पिकल्या आंब्यासारखा रंग निघायचा.

त्या दिवशी ढेप निघाली ती तव्याच्या बुडासारखी.

"जाळ तुमच्या सांगन्यावर हुता मामा," मी म्हणालो. "रंग तुमी बघायचा."

या उत्तराला शिवी आली नाही तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. पुढचं आदण चढलं. मामांनी मळी काढायचा झारा उचलला आणि काहिलीत घातला. तो काहिलीत गेला नाही. काठावर आपटला. मामांनी इकडंतिकडं पाहिलं, झारा काठावर घासल्यासारखं केलं आणि काठ खराब झालाय म्हणून लोहाराला शिव्या घातल्या. काठ चांगला होता.

तसं बघितलं तर गोष्टी वर्षभर चालूच होत्या. मामा तांब्यानं पाणी प्यायचे सोडून घागरीनं पीत. धोतर दोनदा कंबरेला गुंडाळलं तरी ढिलं होई. आणि मामा बांधाआड बसून उठले की तिथं मुंग्यांची जत्रा भरे. गावात याचं कुणाला नवल नव्हतं. जन्मभर जो काहिलीतला गूळ चाखत आला त्याच्यातनं दुसरं काय येणार? मुंग्यासुद्धा गुळव्याला ओळखतात, असं शेजारची भागीबाई कौतुकानं सांगे.

गुऱ्हाळ होतं पुंजाराम पाटलांचं. करपलेली ढेप त्यांनी हातात घेतली, फिरवली, ठेवली. मग सहज बोलल्यासारखं बोलले की निफाडकडं एक तरणा गुळव्या हाय म्हणतात. एवढं बोलून ते बैलांकडं गेले. मामा उसाच्या चरकाच्या आवाजाकडं तोंड करून बसले. झारा हातातून गेला तर मामांना दुसरं काही येत नव्हतं. गुळव्याच्या हाताला नांगर लागत नाही, असं तेच मोठेपणानं सांगत आले होते.

दिंडोरीहून नाशकाला जी मोटार जायची ती निसार चालवायचा. मामांचा जुना दोस्त. त्याची आई जैतुनबी मोतीबिंदू होऊन बसली होती. नाशकाच्या डागदरानं तो कापून टाकला, तेव्हापासून तिला सुईचं नेढं आणि सुनेच्या चुका दोन्ही दिसत होती. निसार म्हणाला, "यादवभाई, चलो. कापतील आन मोकळे व्हाल." कापण्याच्या भीतीनं मामा दोन बाजार टाळत राहिले. शेवटी गोजरामामींनी, म्हणजे माझ्या सासूनं, त्यांचा फेटा काढून माझ्या हातात दिला आणि सांगितलं की ह्यो डोक्यावर पाहिजे असंल तर मोटारीत बसा.

दवाखान्यात डागदरांनी मामांची लघवी तपासायला नेली. मामांना वाटलं डोळ्याच्या दवाखान्यात चुकून भलत्याच माणसाचं काम आपल्याला लागलं. मग दोन्ही डोळ्यांत थेंब घातले आणि आम्हाला बाकावर बसवलं. काही वेळानं मामा म्हणाले, "पाहुनं, आता तर तुमी बी दिसंनासं झालं. हितं डोळं बरं करत्यात का घालवत्यात?" मी म्हणालो, थेंबानं बाहुली मोठी होते, मग आतलं दिसतं. "कुनाला?" "डागदराला." मामा म्हणाले, म्हणजे डोळा माझा आन बघायचं त्यानं.

मग आम्हाला एका अंधाऱ्या खोलीत नेलं. डागदर तरुण, चष्मेवाले, पुण्याकडचं बोलणारे. त्यांच्या हातात मधोमध भोक असलेला छोटा गोल आरसा होता. एक दिवा मामांच्या कानामागं ठेवला. आरशानं उजेड डोळ्यात टाकायचा आणि भोकातून आत बघायचं. डागदर इतक्या जवळ आले की मामांनी श्वास धरला. बराच वेळ ते नुसते बघत होते. मग त्यांनी रंगीत पेन्सिलींचा डबा उघडला आणि चित्र काढायला घेतलं. थोडं बघायचं, थोडं काढायचं. मला वाटलं औषध लिहीत असतील. पण कागदावर एक तांबूस गोल उमटला, त्याच्या एका कडेला पिवळसर टिकली, आणि टिकलीतून निघालेल्या लाल रेघा, ओढ्याला फाटे फुटावेत तशा. मग त्यांनी लाल बारीक ठिपके दिले आणि मेणासारखे पिवळे डाग. डाग देताना त्यांचा हात हळू झाला.

"हा यांच्या उजव्या डोळ्याचा आतला पडदा," डागदर मला म्हणाले. "हे लाल ठिपके म्हणजे रक्त पाझरलंय. हे पिवळे डाग. साखरेच्या आजारानं होतं. डाव्यालाही धरतंय, पण कमी."

"कापायचं कव्हा?" मामांनी विचारलं.

"कापण्यासारखं काही नाही. गोड बंद. गूळ बंद, साखर बंद, भात कमी. भाकरी खा, पालेभाजी खा."

"चाखायला तर चालंल ना?"

"चाखायलाही नाही."

मामा हसले. गुळव्याला गूळ चाखू नको सांगणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता, म्हणजे पाहिलाही नव्हता, थेंब घातलेले होते. डागदरांनी मुंबईहून येणाऱ्या एका सुईचं सांगितलं. ती रोज टोचायची आणि थंड जागी ठेवायची. आमच्या घरात थंड असं काही नव्हतं. मग त्यांनी चित्र गुंडाळून माझ्याकडं दिलं. शिमग्याच्या सुमारास परत या, मी पुन्हा काढीन, दोन्ही शेजारी ठेवून बघू, डाग वाढले की थांबले.

"जातील का पन?" मी विचारलं.

"गेलेलं परत येईल असं मी म्हणत नाही," डागदर म्हणाले. "राहिलेलं टिकवायचं आहे."

निसारनं वाटेत विचारलं, काय केलं? मी म्हणालो चित्र काढलं. त्यानं मोटारीचा वेग कमी केला, माझ्याकडं पाहिलं आणि परत वाढवला. त्या रस्त्यावर तो जास्तीचं बोलत नसे.

दुसऱ्या दिवशी थेंब उतरले. मामांनी गुऱ्हाळाच्या मांडवाबाहेर उन्हात बसून कागद उलगडला. मामी भाकरी घेऊन आल्या होत्या. त्या खांद्यावरून वाकल्या आणि म्हणाल्या, "आगं बया, भाकरीयेवढं काढलंय की."

मामा बघतच राहिले. मग त्यांनी एकेका डागावर बोट ठेवलं, एकही चुकला नाही.

"ही तर काहील हे," ते म्हणाले.

आम्ही बघितलं. आता एकदा तसं म्हटल्यावर ते तसंच दिसायला लागलं. गोल काठ, आत तांबूस रस, कडेनं उठलेल्या फेसाच्या रेघा.

"आन ही मळी," मामा पिवळ्या डागांवर बोट टेकवून म्हणाले. "त्या डागदराला काय म्हाईत. त्यो म्हनतो जायाची नाय. मळी का जात नाय? भेंडीचं पानी सोडलं की मळी वर येतीच."

रस साफ करायला आम्ही रानभेंडीची झुडपं ठेचून पाण्यात चोळायचो. त्या बुळबुळीत पाण्यानं रसातली घाण एकवटून वर येते आणि झाऱ्यानं काढता येते. मामांनी त्या दिवसापासून ते पाणी तांब्यानं प्यायला सुरुवात केली. सकाळी एक, संध्याकाळी एक. उरलेल्यानं डोळे धुवायचे. मी एकदा म्हणालो की मामा, काहिलीत भेंडी रसात टाकतात, तुमी पोटात टाकताय. मामा म्हणाले, सगळं आतून एकच असतं. माझं स्वतःचं आतलं मी कधी बघितलेलं नव्हतं.

चित्र त्यांनी मांडवाच्या मधल्या खांबावर बाभळीच्या काट्यांनी टाचलं, काहिलीसमोर. रोज सकाळी पहिलं आदण चढायच्या आधी तिथं उभं राहून बघायचं.

याचा एक वेगळाच परिणाम झाला. गुऱ्हाळावर येणारी माणसं जाताना गुळाचा खडा धोतराच्या सोग्यात टाकतात, ही जुनी रीत. पण खांबावर यादव गुळव्याचा डोळा आतूनबाहेरून लावलाय अशी बातमी झाली, आणि माणसं सोगे झटकून जाऊ लागली. भागीबाईनं तर शपथेवर सांगितलं की ती काहिलीच्या ज्या बाजूला गेली त्या बाजूला डोळा वळला. एकानं नेलेला खडा परत आणून ठेवला. पुंजाराम पाटील खूश झाले. निफाडच्या गुळव्याचं नाव त्यांनी काढलं नाही. मामा गूळ बिघडवत होते, पण त्यांचा डोळा राखण करीत होता, आणि हिशेबात ते एकमेकाला फिटत होतं.

गूळ चाखणं मात्र मामांनी खरंच सोडलं होतं. ते कढता पाक बघत आणि चाखायला मला देत. "कसा हे?" मी म्हणे, गोड. "गोड हे ते मला म्हाईत हे, पाहुनं. कसा गोड?" मला गोडाचे प्रकार ठाऊक नव्हते. मी जिभेवर पाक ठेवून उभा राही आणि मामा माझ्या तोंडाकडं बघत राहत. इतकं उपाशी तोंड मी बैलाचंही पाहिलेलं नाही.

पौष गेला. थंडीनं द्राक्षाच्या मांडवाची पानं करपली. माघात एका सकाळी मामा खांबासमोर उभे होते ते एकदम वळले. चेहरा असा की वाटलं घरात पोरगं झालं.

"गेलं," मामा म्हणाले. "खालचं दोन डाग गेलं."

मामींनी देवाला नारळ ठेवला. चार-सहा दिवसांनी आणखी गेले. मग लाल ठिपके गेले. मामा भेटेल त्याला सांगू लागले की काहील निवळत चाललीय. भागीबाईनं आपल्या गुडघ्याला भेंडीचं पाणी चोळायला घेतलं. तिकडं आदणं मात्र जास्तच बिघडत होती. एकदा लिबलिबीत, एकदा काळं. मामा म्हणत जाळ बरोबर नाही. मी म्हणे बरोबर नसंल.

एका दुपारी मामा भाकर खायला घरी गेले तेव्हा मी खांबाजवळ गेलो. मला वाटलं धूर बसून चित्र पुसट झालं असेल. उपरण्याच्या टोकानं हलकेच पुसलं.

सगळे डाग जागच्या जागी होते. खालचे दोन तर सगळ्यांत मोठे होते.

मी मामींना सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या. थापायच्या थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "मला वाटतच हुतं. परवा त्यांनी माझ्या हातात पानसुपारी दिली, ती हातात नाय, हाताशेजारी दिली." मग म्हणाल्या, तुम्हीच सांगा. माझ्यानं व्हायचं नाही.

मी सांगितलं. साधंच सांगितलं, की मामा, डाग आहेत तिथंच आहेत, तुम्हाला दिसत नाहीत.

मामा बराच वेळ झाऱ्यावरची मळी खरवडत बसले. मग म्हणाले, "झारा पायजे तुमाला."

"मामा..."

"घरजावई केला तव्हाच लोक म्हनले हुते. आधी घर, मंग झारा." त्यांनी पाकात बोट बुडवलं आणि माझ्यासमोर तोंडात घातलं. डोळे मिटून चाखलं. "बरा झालोय मी. नाशकाला जायाचं काम नाय."

त्या दिवसापासून ते पुन्हा चाखू लागले. चाखायचं राहिलेलं सगळं एकदमच. मुंग्या बांध सोडून घराच्या उंबऱ्यापर्यंत आल्या.

शिमगा जवळ आला. बोलून काही होणार नव्हतं. जावयाच्या बोलण्यात सासऱ्याला नेहमी दुसरंच ऐकू येतं. मी दोन दिवस चुलांगणासमोर बसून विचार केला, आणि चिपाडांच्या धगीनं माणसाला जसे विचार येतात तसा एक आला. मी मामींना म्हणालो, उद्या नागलीची एक भाकरी लहानशी करा, गोल, तांबूस. त्यांनी कशाला म्हणून विचारलं नाही. घरजावयाची भूक ही विचारायची गोष्ट नसते.

सकाळी मांडवात धुकं आणि धूर एकत्र झाला होता. मी चित्र काढून गुंडाळलं आणि त्याच काट्यांनी तिथं भाकरी टाचली. भाकरीवर तव्याचे काळे डाग पडलेले होते, चांगले बोटाएवढे. मामी काहिलीपलीकडं उभ्या होत्या. त्यांना आधी हसू आलं. पदर तोंडात धरला त्यांनी.

मामा आले. खांबासमोर उभे राहिले. मान डावीकडं केली, उजवीकडं केली. चरकाचे बैल अजून जुंपले नव्हते, त्यामुळं सगळं शांत होतं.

"आता बघा," मामा म्हणाले. "येक बी डाग उरला नाय."

मामींचा पदर तोंडातून सुटला. त्या हसत नव्हत्या.

कुणीच काही बोललं नाही, आणि त्या न बोलण्यातच मामांना काहीतरी कळलं असावं. त्यांनी हात पुढं केला. भाकरीच्या काठावरून बोटं फिरवली. मग मधे. तव्याच्या डागाचा खरखरीतपणा लागला तिथं बोट थांबलं. मला वाटलं आता झारा माझ्या डोक्यात बसतो. मी मान जरा पुढंच केली, म्हणजे नेम चुकायला नको.

मामांनी काठाचा एक तुकडा मोडला. तोंडात घातला. चावत राहिले, बराच वेळ.

"मीठ कमी पडलंय," ते म्हणाले.

मामी म्हणाल्या, घाईत केली.

"बाकीची बांधा. दिंडोरीला मोटार गावली पायजे."

निसारनं मामांना हात धरून वर घेतलं, पण तो धरला नाही असं दाखवत. दवाखान्यात तेच थेंब, तोच बाक, तीच अंधारी खोली. डागदरांनी विचारलं, जुनं चित्र आणलंय का? मी पिशवीत हात घातला, तर मामांनी मला थांबवलं. त्यांनी आपलं गाठोडं सोडलं आणि तुकडा मोडलेली भाकरी डागदरांच्या हातात दिली.

"हे घ्या," मामा म्हणाले. "आमी तर हेच बघत हुतो. काय फरक पडला बघा."

डागदरांनी भाकरी दिव्यापाशी नेली. उलटी करून पाहिली. मग माझ्याकडं पाहिलं. मी खरं चित्र काढून दिलं आणि झालं तेवढं सांगितलं. डागदर हसले नाहीत. भाकरी त्यांनी नीट पुसलेल्या जागेवर ठेवली, औषधाच्या बाटल्यांशेजारी.

उजव्या डोळ्याचं चित्र त्यांनी लवकर उरकलं. त्यात लाल पेन्सिलच जास्त वापरली, आणि दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बघायची गरज कुणालाच पडली नाही. डाव्या डोळ्याला मात्र वेळ लावला. मी त्यांच्या हाताकडं बघत होतो. पिवळी पेन्सिल उचलत, ठेवत, परत उचलत.

"उजवा गेला असंच धरा," डागदर म्हणाले. "डाव्यानं माणूस ओळखू येईल, वाट दिसेल. बारीक दिसणार नाही. पण हा अजून आहे. आता गूळ खाल्लात तर हाही नाही."

मामा म्हणाले, "म्हंजी काहील उतरवायचा रंग?"

"तो दिसणार नाही."

मामांनी मान हलवली. माल नापास झाल्यावर चांगला कारागीर हलवतो तशी.

डाव्या डोळ्याचं चित्र घेऊन आम्ही परत आलो. मामांनी ते खांबावर लावू दिलं नाही. माझ्याकडं दिलं, तुमच्या पेटीत ठेवा म्हणाले. खांब मोकळा झाल्याची बातमी पसरली, आणि दुसऱ्याच दिवशी गुळाचे खडे पुन्हा सोग्यातून जाऊ लागले. पुंजाराम पाटील निफाडचं नाव काढायला तोंड उघडत होते, तेवढ्यात मामांनी सगळ्यांसमोर झारा माझ्या हातात दिला. चुलांगणाशी स्वतः बसले. जाळ ऐकू येतो, म्हणाले.

पहिलं आदण चढलं. मी काहिलीवर वाकलो. खाली मामा चिपाडं सारत होते, आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा चांगली सारत होते.

"काय दिसतंय?" मामांनी विचारलं.

"बुडबुडं."

"कसलं?"

"मोठं. पिवळं."

"लिंबासारखं पिवळं, का झेंडूसारखं?"

मी नीट पाहिलं. इतकं नीट मी आयुष्यात काही पाहिलं नव्हतं. "झेंडूसारखं व्हायलंय," मी म्हणालो. "पन मामा, माझ्यावर इस्वास ठेवू नका. चुकंल."

मामांनी चिपाडाचं टोक जाळात सारलं. धगीत त्यांचा चेहरा तांबूस झाला होता, आणि डोळे काहिलीकडं नव्हते, माझ्या आवाजाकडं होते.

"त्या दिशी भाकरी टांगून खरं बोलले तुमी," ते म्हणाले. "तसंच बोला. आता बघा परत, आन सांगा."